जुनी द्या, नवी न्या: एका सौद्याची शंभर वर्षं

१९८४ साली मुंबई-पुण्यात मारुती ८०० हवी असेल तर दोन मार्ग होते. कंपनीच्या भावात हवी असेल तर नंबर लागेपर्यंत थांबायचं. लगेच हवी असेल तर ज्याचा नंबर आधी लागला त्याच्याकडून, काही महिने वापरलेली का होईना, वर पैसे मोजून घ्यायची. वापरलेल्या गाडीला नव्या गाडीहून जास्त भाव! बजाजच्या स्कूटरचं तर त्याआधीही कित्येक वर्षं असंच चाललं होतं. या वरच्या पैशाला लोक प्रीमियम म्हणत, मुंबईत नुसतं 'ऑन'. त्या काळी शोरूममध्ये जाऊन "माझी जुनी गाडी ठेवून घ्या आणि वरचे पैसे घेऊन नवी द्या" असं कोणी म्हटलं असतं, तर विक्रेत्याने त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

आज त्याच शहरांत शोरूमच्या दारातून आत पाऊल टाकलं, की कोणता रंग हवा हे विचारण्याआधी "सर, एक्स्चेंज आहे का?" असा प्रश्न येतो. मधल्या चाळीस वर्षांत विक्रेते काही एकाएकी उदार झालेले नाहीत. गाड्यांचा आणि गिऱ्हाइकांचा हिशोब उलटा झाला, एवढंच. जाहिरातीत हा सौदा गिऱ्हाइकाची सोय म्हणून येतो. त्याचा इतिहास मात्र सांगतो की तो विक्रेत्याच्या गरजेतून वाढला, आणि जिथे विक्रेत्याला गरज नव्हती तिथे तो रुजलाच नाही.

सुरुवात अमेरिकेत झाली, कारण गरजेपेक्षा जास्त मोटारी आधी तिथेच तयार झाल्या. हेन्री फोर्डने १९०८ मध्ये मॉडेल टी आणली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ पर्यंत तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरवर आला. १९२७ मध्ये ती बंद झाली तोवर दीड कोटीच्या वर गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. सुरुवातीच्या वर्षांत गाडी घेणारा बहुतेक माणूस आयुष्यातली पहिलीच गाडी घेत असे. त्याच्याकडे मोबदल्यात द्यायला काही असलंच तर घोडा आणि बग्गी. गावोगावचे मोटारविक्रेते तेही घेत. त्यांतले कित्येक जण मुळात घोड्यांच्या, बग्ग्यांच्या किंवा सायकलींच्या धंद्यातून आलेले, त्यामुळे जनावराचे दात बघून भाव सांगणं त्यांना नवं नव्हतं.

स्टीव्हन गेल्बर या इतिहासकाराने २००८ मध्ये या घोडेबाजाराच्या वारशावर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी घासाघीस बंद केली. फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकरसारख्या व्यापाऱ्यांनी वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावली आणि सगळ्यांना एकच भाव दिला. कापड, भांडी, फर्निचर सगळं एकभावी झालं. मोटार ही कारखान्यात बनणारी, छापील किमतीची, अगदी आधुनिक वस्तू. तीच तेवढी घोड्यासारखी घासाघीस करून विकली जात राहिली. याचं एक मोठं कारण म्हणजे मोबदल्यात येणारी जुनी गाडी. नव्या गाडीची किंमत कारखाना ठरवू शकतो, जुनीची कोण ठरवणार? व्यवहाराची एक बाजू मोकळी राहिली की दुसऱ्या बाजूच्या छापील आकड्याला अर्थ उरत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर खरा पेच सुरू झाला. ज्यांना गाडी परवडत होती त्यांच्या दारात ती आली होती. आता नवी गाडी विकायची तर ती आधीच गाडी असलेल्या माणसाला विकायची, आणि तो माणूस जुनी गाडी घेऊनच दुकानात यायचा. जनरल मोटर्सचा आल्फ्रेड स्लोन १९२३ मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याला हा बदल फोर्डच्या कितीतरी आधी कळला. पुढे आठवणी लिहिताना त्याने विसाच्या दशकातला मोटारबाजार बदलणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या: हप्त्यांवर विक्री, जुन्या गाडीचा मोबदला, बंद टपाची गाडी आणि दरवर्षी नवं मॉडेल. या चारही एकमेकींत गुंतलेल्या होत्या. जुनी गाडी हे नवीचं डाउन पेमेंट झालं. उरलेले पैसे हप्त्यांनी. त्यासाठी जनरल मोटर्सने १९१९ मध्येच स्वतःची वित्तकंपनी काढली होती. दरवर्षीच्या नव्या मॉडेलमुळे धडधाकट गाडीसुद्धा दोन-तीन वर्षांत जुनाट दिसू लागली. आणि मॉडेल टीसारख्या उघड्या गाडीत पावसात भिजलेल्या कुटुंबाला काचांची बंद गाडी हवी होतीच.

यातला सगळ्यात धारदार भाग फोर्डवर उलटला. मॉडेल टी ही गरिबाची गाडी होती. पण विसाच्या दशकाच्या मध्यावर गरिबाला त्याच पैशात दुसऱ्या कोणाची तरी तीन वर्षं वापरलेली, बंद टपाची, जास्त ऐसपैस गाडी मिळू लागली. म्हणजे फोर्डच्या नव्या गाडीशी स्पर्धा दुसऱ्या कंपनीची नवी गाडी करत नव्हती. मोबदल्यात आलेल्या जुन्या गाड्या ती करत होत्या. फोर्डने १९२३ मध्ये उपाय काढला तो आठवड्याला पाच डॉलर साठवून मग गाडी न्यायचा. उधारीला सरावू लागलेल्या देशात हा बचतीचा उपदेश फार चालला नाही. दशक संपता संपता अमेरिकेत नव्यापेक्षा जुन्या मोटारी जास्त विकल्या जाऊ लागल्या होत्या.

कंपन्यांचं यात भलं झालं, फास बसला तो डीलरच्या गळ्याला. कारखाना महिन्याला अमुक इतक्या नव्या गाड्या पाठवणार आणि पैसे रोख घेणार. त्या खपवायच्या तर समोरच्या डीलरपेक्षा जुन्या गाडीला दहा डॉलर जास्त द्यायचे. मग ती जुनी गाडी दुरुस्त करून विकायची, तेव्हा मोबदल्यात आणखी जुनी येणार. नव्या गाडीवर मिळवलेलं जुनीवर घालवायचं, असा तो फेरा होता. लॉस एंजेलिसमधल्या लेस केलीने १९१८ मध्ये तीन मॉडेल टी मांडून जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला होता. कोणत्या गाडीला आपण किती देऊ याची तो यादी काढत असे. डीलर, बँका सगळे त्या यादीवर विसंबू लागले, तेव्हा १९२६ मध्ये त्याने 'ब्लू बुक' नावाने ती छापून काढली. केली ब्लू बुक हे नाव तिथे आजही चालतं.

भावाची यादी आली तरी चढाओढ थांबली नाही. १९३० च्या सुमारास तर कंपन्याच डीलरला जुन्या गाड्या मोडून टाकायला पैसे देऊ लागल्या. त्या योजनेला नाव काय दिलं, तर 'हायवे सेफ्टी प्लॅन'. रस्त्यावरची सुरक्षितता हे निमित्त. डोक्यावर बसलेला जुन्या गाड्यांचा ढीग कमी करणं हा हेतू. सुरक्षिततेच्या किंवा पर्यावरणाच्या नावाने बाजार मोकळा करण्याची ही युक्ती पुढे अनेक सरकारांनी उचलली.

मंदीच्या काळात तर सरकारच मध्ये पडलं. १९३३ मध्ये रूझवेल्टच्या राष्ट्रीय पुनरुत्थान कार्यक्रमाखाली मोटारविक्रेत्यांसाठी नियमावली झाली. तिने काय बांधून दिलं? जुन्या गाडीला जास्तीत जास्त किती मोबदला द्यायचा, तो आकडा! डीलरांच्या राष्ट्रीय संघटनेने भावाची पुस्तिका काढायची आणि तिच्यापेक्षा वर कोणी द्यायचं नाही. गिऱ्हाइकाला जास्त पैसे दिले म्हणून दुकानदार गुन्हेगार ठरावा, अशी ही गमतीदार अवस्था. मे १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो सगळा कार्यक्रमच घटनाबाह्य ठरवला आणि मोबदल्याची चढाओढ पुन्हा मोकाट सुटली. मार्च १९३८ मध्ये मोटारउद्योगाने देशभर जुन्या गाड्यांच्या अदलाबदलीचा खास सप्ताह साजरा केला, यावरून ढीग किती साचला होता याचा अंदाज यावा.

मग युद्ध आलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी मोटारींचं उत्पादन थांबलं आणि सगळा खेळ उलटला. १९४५ नंतर कारखाने सुरू झाले तेव्हा गिऱ्हाइकं रांगेत उभी होती, गाड्या नव्हत्या. काल जास्त मोबदला देऊन हात जोडणारे डीलर आता जुनी गाडी कवडीमोलाने मागू लागले. ती दिली नाही तर नव्या गाडीचा नंबर मागे. नको असलेल्या ॲक्सेसरीज गळ्यात मारू लागले. आणि कारखान्यातून नुकतीच निघालेली, जेमतेम काही मैल चाललेली गाडी 'वापरलेली' म्हणून छापील किमतीच्या वर विकली जाऊ लागली. मारुतीच्या किंवा बजाजच्या प्रीमियमकडे बोट दाखवून 'आपल्याकडेच असं चालतं' म्हणणाऱ्यांनी १९४६-४७ चं डेट्रॉइट डोळ्यांपुढे आणावं. टंचाई पडली की अमेरिकन डीलरही 'ऑन' घेतो.

टंचाई पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सरली आणि डीलर पुन्हा मोबदला वाढवू लागले. या वेळी त्यांनी तोटा स्वतःच्या अंगावर घेतला नाही. समजा नव्या गाडीची खरी किंमत २,५०० डॉलर आणि जुनीची ६००. विक्रेता नवीची किंमत २,९०० सांगायचा आणि जुनीला हजार देऊ करायचा. गिऱ्हाइकाच्या खिशातून जायचे तेच १,९००. पण आपली खटारा गाडी हजाराला गेली म्हणून तो शेजाऱ्यांना सांगत सुटायचा. ही फुगवाफुगवी इतकी बोकाळली की ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मनरोनी यांनी चौकशी लावली. १९५८ मध्ये कायदा झाला: प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत, जादा वस्तूंचे दर आणि वाहतूक खर्च यांची चिठ्ठी चिकटवलीच पाहिजे. त्या चिठ्ठीला अमेरिकेत आजही मनरोनी यांचंच नाव आहे. म्हणजे नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा कागद आला, त्यामागे जुन्या गाडीचा मोबदला होता.

जुन्या गाडीचा भाव ठरवणं इतकं अवघड का, याचं सर्वांत गाजलेलं उत्तर अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफने दिलं. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देतो. म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही. म्हणून बाजारात खराब गाड्याच उरतात. १९६७ मध्ये त्याने हे मांडणारा लेख छापायला धाडला आणि तो स्वतः वर्षभरासाठी दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला. पहिल्या नियतकालिकाचा नकार त्याला भारतातच मिळाला. आणखी दोन नकारांनंतर १९७० मध्ये लेख छापून आला आणि २००१ मध्ये त्यासाठी त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. छापलेल्या लेखात अमेरिकेतल्या मोटारींबरोबर भारतातले सावकार आहेत आणि बाजारातल्या तांदळातले, तांदळासारखेच दिसणारे खडे निवडणारी गृहिणीही आहे. त्या काळच्या दिल्लीत त्याला मोटारीचं उदाहरण शोधता आलं नसतं हेही खरं, कारण इथे खराब गाडीलाही गिऱ्हाईक होतं.

इथली गोष्ट वेगळी कशी झाली? जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती, फोर्डही भारतात होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की ज्यांना सुटे भाग इथेच बनवायचे आहेत त्यांनीच राहावं. दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरल्या मुख्यतः तीन गाड्या: कुर्ल्याची फियाट, बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बॅसॅडर आणि मद्रासची स्टँडर्ड. सत्तरच्या दशकात सगळ्या देशात मिळून वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास, कित्येकदा त्याहून बऱ्याच कमी मोटारी बनत. १९५९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रण आणलं, त्यात सरकारचा कोटा आला. १९६९ च्या आदेशाने किमतीही बांधल्या; कंपन्या त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या.

अमेरिकेच्या सरकारने १९३३ मध्ये जुन्या गाडीचा भाव बांधला, कारण विक्रेते जास्त पैसे देत होते. भारताच्या सरकारने १९६९ मध्ये नव्या गाडीचा भाव बांधला, कारण गिऱ्हाइकं जास्त पैसे द्यायला तयार होती. आणि जुन्या गाडीच्या भावावर इथे कोणाचंच बंधन नव्हतं. त्यामुळे नवीची खरी किंमत जुनीच्या बाजारातच कळायची. दूतावासातले अधिकारी मायदेशी परतताना आपल्या परदेशी गाड्या मागे ठेवत, त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत लिलावात निघत आणि सिनेनट, बिल्डर त्यांच्यावर तुटून पडत.

दुसरं कारण गाडीच्या रूपातच होतं. १९६४ ची फियाट आणि तिचाच पुढचा अवतार असलेली १९९४ ची पद्मिनी शेजारी उभ्या केल्या तर पुढची जाळी आणि दिवे वगळता ओळखीचा चेहरा एकच. सुटे भाग एकीचे दुसरीला बसायचे. स्लोनने दरवर्षी मॉडेल बदलून धडधाकट गाडी म्हातारी करायचं जे तंत्र काढलं, ते इथे लागूच झालं नाही. वीस वर्षांची गाडी पुन्हा रंगवली, इंजिनाचं बोअरिंग केलं, सीटची कव्हरं बदलली की ती जवळजवळ नवीच. ती बदलायची कशाला?

ज्यांना विकायची होती ते वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती, दलाल आणि गॅरेज या तीन वाटांनी विकत. मुंबईच्या जाहिरातींत 'पारशी मालकाची, एकहाती' ही शब्दयोजना इतकी रुळली की ती विनोदाचा विषय झाली. पण त्यात व्यवहार होता: ज्या बाजारात वॉरंटी नाही तिथे गाडी निगुतीने ठेवणाऱ्या जमातीचं नाव हीच वॉरंटी. पारशी नसेल तर निदान 'डॉक्टरची गाडी' तरी. घेणारा सोबत आपला मेकॅनिक घेऊन जाई. तो बॉनेट उघडे, डिपस्टिक ओढे, कान लावून इंजिन ऐके आणि मालकाच्या समोर काहीच न बोलता बाहेर येऊन भाव सांगे. आणि अगदीच थकलेली गाडी कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा चोरबाजारात पोचून सुट्या भागांच्या रूपाने दुसऱ्या गाड्यांत शिरे. फियाटचा जन्म कुर्ल्यात आणि बऱ्याचदा शेवटही कुर्ल्यातच.

जुनं देऊन नवं घेण्याची रीत मराठी घराला मुळीच परकी नव्हती. सोनाराकडे जुना दागिना मोडीत घालून नवा घडवायचा, घट आणि मजुरी वजा जाता वरचे पैसे द्यायचे, हे पिढ्यानपिढ्या चाललेलं. पितळेच्या भांड्यांचीही मोड दुकानदार घेत. जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण दुपारी दारात बसे आणि तिच्याशी होणारी हुज्जत तासभर चाले. सोन्या-पितळेला वजन होतं, म्हणून तिथे भांडण घटीपुरतंच राही. मोटार वजनावर जाते ती भंगारात. तोवर तिचा भाव समोरच्याच्या गरजेवर.

टंचाईला पहिला तडा मारुतीने दिला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. किंमत ४७,५०० रुपयांच्या घरात. दहा हजार रुपये अनामत भरून लाखाच्या वर लोकांनी आधीच नावं नोंदवली होती. सुरुवातीला प्रीमियम वाढला, पण नंतरच्या काही वर्षांत कारखान्याचा वेग वाढत गेला तसा तो ओसरला. १९९३ मध्ये मोटारउत्पादनासाठी परवान्याची अट रद्द झाली. देवू, फोर्ड, ओपेल, होंडा एकामागून एक आल्या. १९९८ हे वर्ष निर्णायक म्हणावं लागेल: ह्युंदाईची सँट्रो आणि टाटांची इंडिका त्याच वर्षी लोकांसमोर आल्या आणि मारुतीलाही किमती उतरवाव्या लागल्या. नव्या गाडीची किंमत उतरली की दारातल्या जुन्या गाडीचीही त्याच रात्री उतरते. प्रीमियमवर वाढलेल्या पिढीला हा धक्का नवा होता.

'एक्स्चेंज ऑफर' मराठी घरांत शिरली ती मात्र मोटारीच्या आधी, टीव्हीच्या खोक्यातून. नव्वदच्या दशकाच्या मध्याला अकाई कंपनीने जुना टीव्ही आणा, नवा न्या, अशा पानभर जाहिरातींचा धडाका लावला. कृष्णधवल, बंद पडलेला, कसाही चालेल! त्या जुन्या संचाचं विक्रेता काय करणार हे कोणी विचारलं नाही. कारण उघड होतं: तो मोबदला म्हणजे सवलतच, फक्त तिच्यावर जुन्या टीव्हीचा मुखवटा. हीच कल्पना मोटारींच्या शोरूममध्ये आली तेव्हा एक अडचण उभी राहिली. घेतलेली मोटार फेकून देता येत नाही. ती विकावी लागते.

मारुतीने २००१ मध्ये 'ट्रू व्हॅल्यू' सुरू केलं ते यासाठी. डीलरकडे मोबदल्यात आलेली गाडी तपासायची, दुरुस्त करायची, वॉरंटी आणि काही मोफत सर्व्हिसिंग देऊन विकायची. अकरलॉफने १९७० च्या लेखात खराब मालाच्या बाजारावर जे उतारे सांगितले होते, हमी आणि ब्रँडचं नाव, तेच हे. पारशी मालकाची जागा कंपनीच्या बोर्डाने घेतली. पुढे इतर कंपन्यांनी आपापली दुकानं काढली, मग मोबाइलवरून गाडी विकत घेणाऱ्या कंपन्या आल्या. आज भारतात नव्यापेक्षा जुन्या मोटारी जास्त विकल्या जातात. अमेरिकेने हा टप्पा शतकभरापूर्वी ओलांडला होता.

व्यवहाराची तऱ्हाही ओळखीचीच आहे. गाडी बघायला येणारा माणूस रंगाची जाडी मोजायचं यंत्र पत्र्यावर टेकवतो, फोटो काढतो, आणि पाच मिनिटांत ते फोटो दलालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातात. डीलर सांगतो तो भाव पुष्कळदा त्या ग्रुपवरच्या सर्वांत वरच्या बोलीतून आपला वाटा काढून उरलेला असतो. वर कंपनीचा 'एक्स्चेंज बोनस' असतो. तो जुन्या गाडीची किंमत नव्हेच. नव्या गाडीवरची ती सूट आहे. दोन्ही आकडे एकत्र करून सांगितले की जुनी गाडी महाग गेल्यासारखी वाटते. मनरोनींना हा प्रकार पाच मिनिटांत कळला असता. मुंबई-पुण्याची गाडी मग मराठवाड्यात किंवा विदर्भात जाते आणि एमएच-१२ पासिंगची पाटी मिरवत आणखी दहा वर्षं धावते.

मोडून टाकण्यासाठी पैसे देण्याची अमेरिकन युक्तीही अखेर इथे आली. मध्ये तिने जगाचा फेरा मारला होता. २००९ च्या मंदीत जर्मनीने नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडणाऱ्याला नव्या गाडीसाठी २,५०० युरो दिले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अमेरिकेने जवळपास तीन अब्ज डॉलर खर्चून पावणेसात लाखांच्या वर गाड्या मोडीत काढल्या. त्यांच्या इंजिनांत सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतून ती मुद्दाम जाम केली जात, म्हणजे कोणी पुन्हा विकायला नको. भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये स्क्रॅपिंग धोरण आणलं. मोडीत दिलेल्या गाडीचं प्रमाणपत्र दाखवलं की नव्या गाडीची नोंदणी फी माफ आणि रस्ता करात खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची मुभा. पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीची पुनर्नोंदणी फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये मोटार कंपन्यांनी मोडीवर नव्या गाडीच्या किमतीच्या दीड टक्का किंवा वीस हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते द्यायचं कबूल केलं. चालू गाडीला दलाल त्याहून कितीतरी जास्त देतो. त्यामुळे धोरणाचा कागद कितीही चांगला असला तरी चालत्या स्थितीतली गाडी भंगारात जाईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला रस्त्यावरून उतरवलं ते २० वर्षांच्या वयोमर्यादेने, ऑक्टोबर २०२३ मध्ये; कुठल्या सवलतीने नव्हे.

या सगळ्यात भारतीय मालकाचं खरं नुकसान भावात होत नाही, कागदात होतं. मोबदल्यात दिलेली गाडी डीलरकडून दलालाकडे, दलालाकडून तिसऱ्याकडे जाते, आणि मालक फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून मोकळा होतो. आरसी बुकात नाव त्याचंच राहतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्या प्रकरणातली गाडी मूळ मालकाने विकल्यानंतर अनेक हातांतून गेलेली होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने नियम बदलले. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद ऑनलाइन करायची. नोंद झाली की पुढची जबाबदारी त्याच्यावर. ती गाडी त्याला चाचणी, दुरुस्ती, तपासणी अशा ठरावीक कामांपलीकडे रस्त्यावर फिरवताही येत नाही. पण अधिकारपत्र नसलेले दलाल गावोगाव अजून आहेत.

तेव्हा नवी गाडी घेताना दोन आकडे वेगवेगळ्या कागदांवर मागा: जुनी न देता नवी कितीला, आणि नवी न घेता जुनी कितीला. डीलरकडे अधिकारपत्र आहे का ते विचारा, ताबा दिल्याच्या नोंदीची प्रत घ्या. आणि ज्यांनी काही वर्षांपूर्वी जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये दिली आहे, त्यांनी एमपरिवहन ॲपवर तिचा नंबर टाकून मालकाच्या रकान्यात नाव बदललेलं दिसतं का, हे आजच बघावं. बदललेलं दिसलं नाही तर विक्रीची पावती आणि डिलिव्हरी नोट घेऊन थेट आरटीओ गाठावं.